आधी इटली की आधी जपान

आमच्या घरी दुसरं महायुद्ध रोज संध्याकाळच्या चहाला सुरू व्हायचं आणि आईनं भाकरीसाठी तवा ठेवला की संपायचं. लढणारा गडी एकच, माझे वडील, आबा. फौजेतून हवालदार होऊन ते घरी आले त्याला तोवर कैक वर्षं झाली होती, पण त्यांच्या लेखी आफ्रिकेचं वाळवंट आमच्या परड्यामागंच सुरू होत होतं. सोप्यात बाजल्यावर बसायचं, बशीत चहा ओतायचा, फुर्रकन एक घोट घ्यायचा आणि म्हणायचं, "इटली उतरलं तवा खरी मज्जा आली." मग इटलीचे शिपाई निघायचे. ते कसे रांगेनं हात वर करून यायचे, एकेकाच्या हातात कशी कातड्याची बॅग असायची, त्यांच्या तळावर भांडीच्या भांडी भरून शेवया कशा सापडल्या. शेवया, आणि त्याही दूध-गूळ न घालता, तांबाटं घालून! एवढं झालं की आई चुलीपुढून म्हणायची, "येवढा समुद्र वलांडून गेलं आन शेवया बघून आलं." आबा ते मनावर घेत नसत. बायकांना लढाईतलं काय कळतंय, असं त्यांचं ठाम मत होतं. लढाईची सगळी वर्षं जिनं एकटीनं सासू, दीर, दोन म्हशी आणि उसाचं रान सांभाळलं, तिच्याच हातची भाकरी मोडता मोडता ते हे मत मांडत.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं आणि फौजेचं. कुठल्याही घरात डोकावा, भिंतीवर देवाशेजारी एक युनिफॉर्मातला फोटो असायचाच. त्यामुळं लढाई कधी सुरू झाली ह्या साध्या प्रश्नाला पारावर जितकी डोकी तितकी उत्तरं मिळायची. जो ज्या दिवशी बोटीतून उतरला त्या दिवशी लढाई सुरू झाली, आणि तो घरी परतला त्या दिवशी संपली. मधल्या काळात बाकीचं जग काय करत होतं, ह्याची चौकशी करायची पद्धत नव्हती. पुढं मी साताऱ्यात इतिहासाची बाई झाले आणि हाच धडा जन्मभर शिकवला: कोणता देश युद्धात कधी उतरला आणि कसा. फळ्यावर बाण काढायचे, बाणाच्या टोकाला देश. पोरं जांभया द्यायची. मला मात्र दरवर्षी वाटायचं, ह्या देशांचं उगीच कौतुक चाललंय. आमच्या भावकीनं हे सगळं एका उन्हाळ्यात करून दाखवलं होतं, तेही नकाशाशिवाय.

मी तेव्हा सांगलीला मामांकडं राहून बी. ए. करत होते, इतिहास घेऊन, शेवटचं वर्ष. मामांची मार्केट यार्डात गूळ-हळदीची अडत होती. त्यामुळं माझी पुस्तकं, पातळं, केस, सगळ्याला हळदीचा वास. वर्गातल्या पोरी विचारायच्या, "शालन, तुझी हळद आजच हाय का गं?" हळद तशी जवळच आली होती. आमच्या आत्याबाईनं शिराळ्याकडचा एक ठेकेदार हेरून ठेवला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: शिकलेली बायको नको, पण आता शिकलीच आहे तर आहे तिथंच थांबवा आणि ह्याच मोसमात बार उडवून द्या. परीक्षा मोसमातच होती. आबा हो-नाही करत होते. तेवढ्यात आष्ट्याकडचं स्थळ आलं. मुलगा वसंत, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला, दिसायला बरा, भांग नीट. बघायला आला तेव्हा खाली मान घालून एकच वाक्य बोलला, "परीक्षा हुंदे की त्यांची. आमची हरकत न्हाई." बस्स. त्या एका वाक्यावर मी अशी भाळले, की रात्रंदिवस तेच घोळवत बसायचे. पदवी आणि नवरा दोन्ही एकदम मिळणार, एवढं नशीब आमच्या गल्लीत कुणाचं नव्हतं.

वसंताचे वडील सुभेदार. सगळे त्यांना तात्या म्हणत. ते ब्रह्मदेशात लढलेले. आमच्याकडं तेव्हा एक रीत होती. कुठं लिहिलेली नव्हती, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. कार्यात जुने फौजी एकमेकांना हुद्द्यानं हाक मारायचे आणि हुद्द्यानं बसायचे. म्हणजे सुपारी फोडायच्या दिवशी आमच्याच घरात सुभेदार पाटावर आणि आबा पोत्यावर. वर आबा मुलीचे बाप, म्हणजे दुहेरी खाली. पण त्या दिवशी ते खुशीत होते. आईनं पहाटेपासून पुरण घातलं होतं. घरभर वेलदोडा आणि गुळवणीचा वास, पाट्यावर कटाच्या आमटीचा मसाला, कुरडया तळल्याचा चुरचुर आवाज. पाव्हणं जीपमधून उतरले तेव्हा आबांनी टाच जुळवून "राम राम सुभेदारसाब" म्हटलं आणि तात्यांनी मान हलवली. सगळं कसं शिस्तीत चाललं होतं. जेवणं व्हायची, विडा-सुपारी व्हायची, आणि मी बी. ए. होऊन आष्ट्याला जायची.

पंगत बसली. तूप वाढायला मला पुढं केलं होतं, पोरगी लंगडी-बिंगडी नाही हे दिसावं म्हणून. आबा हातात पोळ्यांची परात घेऊन आग्रह करत फिरत होते. आणि ज्या माणसाला गप्प बसायला काही पडत नव्हतं, त्या मध्यस्थ गणपतनानांना नेमकं तेव्हाच माझं कौतुक सुचलं. "तात्या, पोरगी लय हुशार हाय बरं का! जागतिक लढाई समदी तोंडपाठ हाय तिला. इचारून तर बघा!"

तात्यांनी मिशीवरचं तूप पुसलं. "व्हय? मग सांग बरं पोरी, लढाई कवा सुरू झाली?"

आता इथं एखादी शहाणी मुलगी लाजून आत गेली असती. मी शेवटच्या वर्षाला होते. तुपाचं भांडं तसंच धरून मी सांगितलं, "एकोणीसशे एकोणचाळीस, सप्टेंबर. जर्मनी पोलंडमध्ये घुसलं आणि दोन दिवसांनी इंग्लंड-फ्रान्सनं युद्ध पुकारलं."

"पोलंड?" तात्यांनी पंगतीकडं बघितलं. "तितं आपलं कोन हुतं का?"

"न्हाई."

"मग ती कसली लढाई?"

पंगत हसली. आबाही हसले. इथवर दोन्ही फौजा एका बाजूला होत्या. पण आबांना वाटलं, व्याह्यांना नीट माहिती द्यावी. "पुस्तकात काय बी लिवत्यात वो सुभेदारसाब. खरी लढाई इटली उतरलं तवा लागली."

"इटली?" तात्या म्हणाले. "ते तर हात वर करून जेवाय मागत हुते. आवं हवालदार, त्येला लढाई म्हनत्यात व्हय? लढाई लागली जपान आलं तवा."

"जपान उतरलं तवा आमी आर्धी लढाई मारून बसलो हुतो," आबा म्हणाले. ते अजून हसतच होते. "तुमी तवा छावनीत पीटी करत आसाल."

तात्यांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी तो पितळीत ठेवला आणि भरल्या ताटावरून ते उठले. नाना "आवं, आवं" करत अर्धे उठले, अर्धे बसले. आबा म्हणाले, "बसा की, गमतीनं बोललो." आणि त्यावर तात्या परेडवर ओरडावं तसे ओरडले, "हवालदार! सावधान!"

आणि आबा सावधान झाले. मी डोळ्यांनी बघितलं. त्यांना व्हायचं नव्हतं, त्यांचे पायच झाले. टाचा जुळल्या, छाती पुढं आली, नजर समोरच्या खुंटीवर गेली आणि परात मांडीला चिकटली. पोळ्या एकामागून एक घसरून खाली पडल्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीच्या सुपारीला, अख्ख्या पंगतीसमोर. पाव्हण्यांतला एक पोरगा फिस्सकन हसला. मला त्या क्षणी तात्यांचा जीव घ्यावासा वाटला, आणि आबांकडं तर बघवतच नव्हतं. आबा भानावर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तात्या अंगणात हात धुऊन जीपमध्ये जाऊन बसले. वसंतही बसला, त्यांच्या मागं, भांग नीट. सुपारी ताम्हनात तशीच राहिली.

आबांनी त्याच दुपारी जाहीर करून टाकलं: "ह्या घरातलं कुनी बी त्येंच्या दारात पाऊल टाकायचं न्हाई. मोडलं!" झालं. मग बाकीची राष्ट्रं उतरायला लागली. पहिल्या उतरल्या आत्याबाई, जेव्हा आबा पुरते पडले आहेत अशी त्यांची खात्री झाली तेव्हा. इटलीही फ्रान्स पडायला टेकल्यावरच उतरलं होतं, आणि तेही काही मिळालं तर बघावं म्हणून. आत्याबाई सकाळच्या एस्टीनं ठेकेदाराचा फोटो घेऊनच आल्या. "मी तवाच म्हनलं हुतं," हे त्यांचं युद्ध पुकारण्याचं वाक्य. चुलत्यांनी आधी तात्यांची बाजू घेतली, कारण त्यांचं आणि आबांचं बांधावरून वाजलं होतं; मग तात्यांच्या भावकीतला कोणी त्यांना बाजारात टाकून बोलला, तेव्हा ते एका रात्रीत आमच्या बाजूला आले. रशियानं वेगळं काय केलं? आणि सांगलीचे मामा म्हणजे अमेरिका. तात्यांची हळद मामांच्याच अडतीत यायची, आबांचा गूळही. मामा दोघांनाही म्हणायचे, "तुमचंच बरोबर हाय," आणि दोघांचाही माल उतरवून घ्यायचे. गणपतनाना तटस्थ. ते दोन्हीकडं जेवायचे.

हे सगळे माझ्यासाठी भांडत होते, असं आपलं म्हणायचं. माझी परीक्षा तोंडावर आली होती आणि माझ्याशी त्याबद्दल कुणी एक अक्षर बोलत नव्हतं. पोलंडसाठी सगळं जग पेटलं, आणि शेवटी तह झाला तेव्हा पोलंड उचलून भलत्याच्याच पदरात टाकलं, हे मी पेपरात छान लिहायचे. ठेकेदाराकडची माणसं पुढच्या आठवड्यात बैठकीला येणार, असा आईचा निरोप सांगलीला आला. रात्रभर रडले. सकाळी कॉलेजला जाते म्हणून निघाले आणि स्टँडवर जाऊन आष्ट्याची गाडी धरली. सुपारी मोडलेली मुलगी, एकटी, आपल्या पायानं त्या घरी! आजच्या पोरींना ह्यात काय एवढं, असं वाटेल. तेव्हा ह्यापेक्षा पळून गेले असते तर कमी बोभाटा झाला असता.

तात्यांच्या अंगणात हळद शिजत होती. मोठ्या काहिलीतून वाफ निघत होती आणि पलीकडं शिजलेली हळद वाळत घातली होती. तात्या गुडघ्यापर्यंत धोतर खोचून फळीनं हळद पसरत होते. मला बघून त्यांची फळी थांबली. "एकटी आलीस?" एवढंच म्हणाले, आणि आत आवाज दिला, "आगं, च्या टाक." त्यांच्या मंडळींनी चहा आणून दिला आणि दाराआड उभ्या राहिल्या. मी वाटेत भलंमोठं भाषण जुळवलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. शेवटी तात्यांनाच राहवलं नाही.

"माजा धाकटा भाऊ मलायात गेला," ते फळीकडं बघत म्हणाले. "जपान उतरलं त्याच आठवड्यात. मिसरूड बी फुटलं नव्हतं. आन तुजा बा म्हनतो, तवा आर्धी लढाई मारली हुती. मग ह्यो माजा भाऊ कशात गेला?"

आबांनी ते मुद्दाम म्हटलं नव्हतं, त्यांना ठाऊकच नव्हतं. पण म्हटलं होतंच. मला तात्यांची दया आली आणि आबांचीही आली. दोघं म्हातारे होत चालले होते आणि दोघांनाही आपली लढाई पहिली हवी होती. मी म्हटलं, "तात्या, आपला देश दोघांच्याही आधी उतरला हुता. इंग्लंडनं पुकारलं त्याच दिवशी. दिल्लीत व्हाइसरॉयनं परस्पर जाहीर केलं. कुनाला इचारलं न्हाई. आबांना न्हाई, तुमाला न्हाई, तुमच्या भावालाबी न्हाई."

"आमाला कोन इचारतंय," तात्या म्हणाले. त्यात राग नव्हता. "जेवाय मिळतंय म्हनून भरती झालो."

"मलाबी कुनी इचारलं न्हाई," मी म्हणाले, आणि मग मात्र माझा आवाज चढला. "तुमी ताटावरनं उठला, आबांनी मोडलं म्हनून सांगितलं, आत्यानं दुसरा गाठला. लगीन माजं हाय न्हवं?"

तात्यांनी फळी भिंतीला लावली. माझ्यासमोर येऊन जोत्यावर बसले. आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणीतरी मला तो प्रश्न टाकला. "बरं. मी इचारतो. तुला ह्या घरात यायचं हाय?"

हो म्हणायलाच तर मी आले होते. तोंड उघडलं, आणि आतल्या दारात वसंत उभा दिसला. कारखान्यातली पाळी संपवून घरी आला होता आणि पहिल्यापासून तिथंच होता. एवढं सगळं ऐकत उभा. मी म्हटलं, आधी ह्यांना विचारावं. "तुमचं काय म्हननं हाय?"

वसंतानं तात्यांकडं बघितलं. "तात्या म्हनतील तसं."

"आरं, ती तुला इचारतीया!" तात्या म्हणाले.

"व्हय की. पन तुमी म्हनाल तसं."

"परीक्षा होऊ दे म्हनाला हुता ते?" मी विचारलं.

"ते बी तात्याच म्हनले हुते," तो म्हणाला, आणि वर हसला. स्वभावानं वाईट नव्हता हो. उद्या तात्या विहिरीत उडी टाक म्हणाले असते, तर त्यानं भांग मोडू न देता टाकली असती. ज्या वाक्यावर मी इतके दिवस जीव टांगला होता ते एका मिशीवाल्या सुभेदाराचं निघालं. मला हसू आलं आणि त्याच्यापाठोपाठ रडूही. चहाची कपबशी खाली ठेवली आणि तात्यांना म्हटलं, "मग मला न्हाई यायचं."

मला वाटलं, आता पुन्हा सावधान होतंय. तात्यांनी एकदा आपल्या पोराकडं बघितलं. मग म्हणाले, "बराबर हाय तुजं." त्यांनी पायात वहाणा घातल्या आणि स्टँडपर्यंत सोडायला आले, अख्ख्या गावातून, माझ्या बरोबरीनं चालत, म्हणजे उद्या कुणी बोलायला नको. गाडी आली. मी खिडकीशी बसले. ते खालून म्हणाले, "तुज्या बाला सांग..." मग थांबले. गाडी सुटेपर्यंत त्यांचं वाक्य काही पुरं झालं नाही. "काय न्हाई. जा, ब्येस आब्यास कर," म्हणाले.

मी शनिवारी गावी गेले तेव्हा गणपतनानांनी आपलं काम केलेलं होतं. शालन आष्ट्याला जाऊन आली, एवढं सगळ्यांना ठाऊक. काय बोलणं झालं ते कुणालाच नाही. आईनं माझ्याकडं बघितलं नाही, तांब्या आदळून ठेवला. आबा बाजल्यावर होते. वाटलं, आता कानफटात बसते. मी तयारीनंच गेले होते. आबांनी घसा साफ केला, इकडं तिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "मग? कबूल केलं का त्येनं?"

"काय?"

"इटली आदी उतरलं ते."

खरं सांगते, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेक एकटी परक्या घरी जाऊन आली, लग्न राहिलं की मोडलं ते ठाऊक नाही, आणि ह्या माणसाला इटली! मी फाडकन म्हणाले, "आबा, मीच नको म्हनून आले त्यांना. सुभेदारांनी मला इचारलं, ह्या घरात यायचं हाय का. मी न्हाई म्हनले. आन तो ठेकेदारबी नको. त्यांचा भाऊ मलायात मेला हुता, म्हनून ते ताटावरनं उठले."

आबांचा चहा बशीत तसाच राहिला. तांब्या आदळणारी आईसुद्धा थांबली. आबांनी विचारलं ते भावाबद्दल नव्हतं, ठेकेदाराबद्दलही नव्हतं.

"तुला इचारलं त्येनं?"

"व्हय."

"सुभेदारानं? आपल्या तोंडानं?"

"व्हय आबा."

त्यांनी बशी खाली ठेवली. त्यांचे डोळे भरले होते, ते मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. "म्हंजे हितं बी त्योच आदी," ते म्हणाले. मग सरकून त्यांनी बाजल्यावर माझ्यासाठी जागा केली. "बस. मी लय उशिरा उतरतोय, पन इचारतो. तुला काय करायचं हाय?"

मी बसले आणि सांगायला लागले. आधी बी. ए., मग बी. एड., मग नोकरी, आणि लग्न कधी ते माझं मी सांगेन. आबांनी मधे एकदाही माझं बोलणं तोडलं नाही.